बाबा म्हणताना टाळू काय करते

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवा आणि टाळूवरून हळूहळू मागे न्या. आधी खरखरीत वळ्या लागतील, मग गुळगुळीत भाग, आणि त्याच्या बरोबर मधोमध पुढून मागे जाणारी एक बारीक रेघ. ही रेघ म्हणजे जोड आहे. तुम्ही आईच्या पोटात जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचे होता, तेव्हा टाळूचे दोन वेगळे भाग दोन बाजूंनी येऊन इथे भेटले. नाकाखाली वरच्या ओठावर जी पन्हळ आहे, तिच्या दोन्ही कडाही अशाच जोडाच्या खुणा. आपल्यातल्या प्रत्येकाचा चेहरा असा जुळत जुळत झालेला आहे. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाच्या बाबतीत यातला एखादा जोड पुरा होत नाही, आणि ओठात, हिरडीत किंवा टाळूत फट राहते.

त्या एका बाळाबद्दल पुष्कळ सांगायचं आहे. पण आधी उरलेल्या 699 जणांच्या बाबतीत काय घडतं ते पाहू, कारण खरा अचंबा तिथे आहे.

गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात गर्भाला चेहरा नसतो. पुढे जिथे तोंड येणार तिथे एक खळगा असतो, एवढंच. चेहऱ्याचा बराचसा माल त्या जागी तयार होतच नाही. तो पाठीकडून येतो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडणार, तिच्या काठावरच्या पेशी आपली जागा सोडतात आणि सरकत सरकत पुढच्या बाजूला पोचतात. जबड्यांची हाडं, टाळूचं हाड, दातांचा मोठा भाग या प्रवासी पेशींपासून बनतो. त्या आल्या की खळग्याभोवती पाच उंचवटे फुगतात. कपाळाकडून एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्या जबड्याचे दोन. कपाळाकडच्या उंचवट्याचा मधला भाग खाली उतरतो, वरच्या जबड्याचे दोघे बाजूंनी आत सरकतात, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात नाकपुड्यांच्या खाली ते एकमेकांना भिडतात. वरचा ओठ आणि पुढची हिरडी इथे आकाराला येते. संपूर्ण गर्भ या वेळी दीड सेंटिमीटरच्या आसपास असतो.

नुसतं भिडून भागत नाही. प्रत्येक उंचवट्यावर पेशींचं पातळ आवरण असतं आणि त्याचं काम नेमकं उलट असतं: वाढत्या गर्भात शेजारशेजारचे अवयव नको तिथे एकमेकांना चिकटू नयेत. जिथे जोड हवा तिथेच, हवा त्याच वेळी, हे आवरण बाजूला व्हावं लागतं. त्याखालच्या पेशींचा थर मग विरघळतो. काही पेशी मरतात, काही सरकून जातात, आणि दोन्हीकडचा गाभा एकजीव होतो. हा थर उरला तर दोन्ही बाजू एकमेकींना टेकूनही परक्याच राहतात. 1995 साली टीजीएफ-बीटा-3 नावाचं एकच जनुक बंद केलेल्या उंदरांमध्ये शास्त्रज्ञांना हे स्पष्ट दिसलं. पिल्लांच्या टाळूचे दोन भाग वाढले, एकमेकांपाशी आले, पण जुळले नाहीत.

टाळूची गोष्ट तर आणखी थरारक आहे. तिचे दोन भाग आडवे वाढतच नाहीत. दाराच्या दोन फळ्यांसारखे ते जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबतात, कारण मधली सगळी जागा जिभेने अडवलेली असते. मग आठव्या आठवड्याच्या सुमारास खालचा जबडा पुढे वाढतो, जीभ खाली बसते, आणि इतके दिवस उभ्या असलेल्या या फळ्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात. जिभेच्या वर त्या मध्यावर भेटतात आणि पुढून मागे, पडजिभेपर्यंत, जुळत जातात. बाराव्या आठवड्यापर्यंत काम पुरं होतं. मुलींमध्ये फळ्या उचलल्या जाण्याची ही घटना मुलांपेक्षा सुमारे एक आठवडा उशिरा घडते. नुसती टाळू दुभंगलेली असण्याचं प्रमाण मुलींमध्ये जास्त दिसतं, ते बहुधा यामुळे. धोक्याचा काळ त्यांच्या वाट्याला जास्त येतो. ओठाच्या बाबतीत उलट आहे, तिथे मुलगे जास्त. आणि ओठाची फट उजवीपेक्षा डावीकडे दुपटीने आढळते. डावी, उजवी आणि दोन्ही बाजू यांचं प्रमाण साधारण 6:3:1 असं पडतं. डावीकडेच का, याचं पक्कं उत्तर विज्ञानाच्या हाती अजून आलेलं नाही.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगितलं, कारण यात कुठेही काहीही फाटत नाही, चिरलं जात नाही. आपल्याकडे मात्र अजूनही असं बाळ जन्माला आलं की पहिला प्रश्न आईला विचारला जातो: ग्रहणात काही चिरलं होतंस का? विळी घेतली होतीस का? मेक्सिकोतही हीच समजूत आहे. तिथे जुन्या काळी ग्रहण म्हणजे कुणीतरी चंद्राचा लचका तोडणं मानत, आणि तो लचका पोटातल्या बाळाच्या ओठावर उमटतो असं धरत. गरोदर बाई पोटाशी पात्याचा तुकडा बाळगायची, आज किल्ली किंवा सेफ्टी पिन लावतात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन समाजांनी एकाच दुःखाचं खापर आकाशावर फोडलं, हे समजू शकतं. पण आपण ते आकाशावर न ठेवता बाईच्या हातातल्या विळीवर आणून ठेवलं. ओठ जुळतो किंवा जुळायचा राहतो तो सातव्या आठवड्यापर्यंत. कित्येकींना तोवर दिवस गेल्याची जेमतेम खात्री झालेली असते. पुढच्या सात महिन्यांतल्या कुठल्याच ग्रहणाचा जुळलेल्या ओठावर काही परिणाम होऊ शकत नाही.

अगदी एकसारख्या जुळ्यांचंच पाहा. दोघांची जनुकं तीच, आई तीच, स्वयंपाकघर तेच, ग्रहणही तेच. तरीही एकाला दुभंग असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याची शक्यता जवळपास निम्मीच असते. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा आहे, पण ती सर्वेसर्वा नाहीत. कोपनहेगनचे पोल फोग-अँडरसन यांनी 1942 साली घराण्यांच्या वंशावळी तपासून आनुवंशिकतेचा हा वाटा पहिल्यांदा पद्धतशीर मांडला. आईबापांना दुभंग नसताना पहिल्या मुलाला तो असेल, तर पुढच्या मुलाला असण्याची शक्यता शंभरात चारेक इतकी असते. आईचं धूम्रपान, गरोदरपणाआधीपासूनचा आटोक्यात नसलेला मधुमेह, व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेटसारखी फिट्सवरची काही औषधं यांनी धोका वाढतो. (ही औषधं स्वतःहून बंद करणं त्याहून धोक्याचं. मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलून ती बदलून घेता येतात.) बहुतेक घरांत मात्र एकच असं कारण सापडत नाही. अनेक बारीक गोष्टी एकाच आठवड्यात एकत्र येतात आणि जोड हुकतो.

काही वेळा दुभंग हा एका लांब साखळीतला शेवटचा दुवा असतो. पॅरिसमधले दंतवैद्यकाचे डॉक्टर पिएर रोबँ यांनी 1923 साली अशा बाळांचं वर्णन केलं, ज्यांचा खालचा जबडा फार लहान असतो आणि जीभ मागे पडून श्वास अडतो. यातल्या पुष्कळ बाळांची टाळूही दुभंगलेली असते, आणि वर सांगितलेली हकिगत आठवली की त्याचा उलगडा होतो. जबडा वाढला नाही म्हणून जीभ खाली बसली नाही, आणि जीभ मधे राहिली म्हणून फळ्या मिटल्या नाहीत. अशा बाळाच्या बाबतीत टाळूच्या आधी श्वास सांभाळावा लागतो. पालथं किंवा कुशीवर ठेवल्याने अनेकांना आराम पडतो, पण तेही रुग्णालयात, देखरेखीखाली.

नुसती टाळू दुभंगलेली असेल तर डॉक्टर बाळाचं बाकीचं शरीरही बारकाईने तपासतात, ते याच साखळ्यांच्या शोधात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असेल तर हृदयाची रचना, रक्तातलं कॅल्शियम आणि प्रतिकारशक्ती यांवर परिणाम झालेला असू शकतो. स्टिकलर सिंड्रोममध्ये मुलाला लहानपणीच मोठ्या नंबरचा चष्मा लागतो आणि डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका असतो. व्हॅन डर वूड सिंड्रोममध्ये खालच्या ओठावर दोन लहान खळ्या दिसतात. 2002 साली त्यामागचं जनुक सापडलं, आणि ते निघालं त्या नको-तिथे-चिकटू-न-देणाऱ्या आवरणाशी संबंधित. आईच्या ओठावरच्या निरुपद्रवी खळ्यांचा आणि बाळाच्या टाळूचा संबंध असू शकतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

आता जन्मानंतरच्या पहिल्या तासाकडे येऊ. पक्ष्यांची टाळू जन्मभर उघडीच असते. चिमणीच्या किंवा कोंबडीच्या तोंडात वर पाहिलं तर मधोमध फट दिसते, आणि तिचं त्यावाचून काही अडत नाही. सस्तन प्राण्यांना मात्र मिटलेली टाळू लागते. तोंडात घास असताना श्वास चालू राहावा आणि पिल्लाला दूध ओढता यावं, ही सोय तिच्यामुळे होते. दूध ओढायचं तर तोंडात निर्वात जागा तयार व्हावी लागते. ओठ मिटलेले, टाळू मिटलेली, जीभ खाली खेचलेली. टाळूला फट असेल तर तिथून हवा येत राहते; बाळ जिवाच्या आकांताने चोखतं, दमतं, झोपी जातं आणि पोट रिकामंच राहतं. थोडं दूध नाकातून येतं. आईला वाटतं दूधच कमी आहे. पण या बाळाला गिळता येतं, ओढता येत नाही, आणि हा फरक समजला की मार्ग निघतो. आईचं दूध काढून बाळाला बरंचसं उभं धरून वाटी-चमच्याने द्यायचं, किंवा हलकेच दाबून दूध सोडता येईल अशा बाटलीने. आपल्या आज्या ज्या बोंडल्याने बाळांना दूध पाजत, तेही स्वच्छ उकळलेलं असेल तर याच कामाचं. दर आठवड्याला वजन वाढतंय ना, एवढं पाहायचं. फक्त ओठ दुभंगलेला असेल आणि टाळू पूर्ण असेल, तर बरीच बाळं सरळ अंगावरही पितात.

या पहिल्या काही आठवड्यांत आणखी एक गोष्ट साधता येते. आईच्या शरीरातली संप्रेरकं बाळाच्या रक्तात अजून शिल्लक असतात आणि त्यांच्यामुळे बाळाच्या कूर्चा मऊ, वळवता येण्याजोग्या असतात. चपटी झालेली नाकपुडी आणि दूर गेलेली हिरडी एका छोट्या प्लेटने रोज थोडी थोडी जागेवर आणायची, मग शस्त्रक्रिया करायची, ही पद्धत न्यूयॉर्कच्या बॅरी ग्रेसन यांनी 1990 च्या दशकात रुळवली. कूर्चा लवकरच घट्ट होते, म्हणून बाळ पहिल्या आठवड्यांतच दंतवैद्यापर्यंत पोचलं तर फायदा.

टाळूचा आणि कानाचा काय संबंध, असं वाटेल. घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात, कारण मधल्या कानातून घशाकडे एक नळी उतरते आणि तिचं तोंड उघडणारा स्नायू टाळूचा असतो. टाळू दुभंगलेली असली की त्या स्नायूला ओढायला धड आधार मिळत नाही. नळी मिटलेली राहते, मधल्या कानात चिकट पाणी साचतं. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ सगळ्या बाळांना हे होतं. कान दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. बाळाला फक्त सगळं दबकं ऐकू येतं, आणि नेमकं त्याच वयात, जेव्हा ते आईच्या तोंडातून भाषा उचलत असतं. श्रवणचाचणी आणि गरज पडली तर कानाच्या पडद्यात बसवलेली इवलीशी नळी, एवढ्याने पुढची वर्षं वाचतात.

आता भाषेकडे. नाक चिमटीत धरा आणि म्हणा: बाबा, दादा, काका. काही अडत नाही. आता म्हणा: मामा, नाना. आवाज कोंडतो. ‘ब’ म्हणताना आणि ‘म’ म्हणताना ओठ तंतोतंत तेच करतात. ‘द’ आणि ‘न’ म्हणताना जीभ त्याच जागी टेकते. फरक एवढाच, की ‘ब’ आणि ‘द’ ला टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद करतो, आणि ‘म’ आणि ‘न’ ला ती उघडी ठेवतो. बोलताना ही उघडझाप सेकंदाच्या लहानशा अंशात होते, वाक्यभर, आयुष्यभर, आपल्या नकळत. आणि हे आपल्या वर्णमालेने किती चोख टिपलंय! क, च, ट, त, प या पाच ओळी म्हणजे आवाज तोंडात कुठे अडवला त्याच्या जागा, घशाकडून ओठांकडे. आणि प्रत्येक ओळीचं पाचवं अक्षर, ङ, ञ, ण, न, म, म्हणजे त्याच जागी, पण नाकाची वाट उघडी. पहिलीतली मुलं जो तक्ता घोकतात तो तोंडाचा नकाशा आहे, आणि तो अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी क्ष-किरणांशिवाय काढला.

टाळू दुभंगलेल्या मुलाला हा नकाशा पुरा वापरता येत नाही. ते ओठ मिटून ‘बाबा’ म्हणतं, हवा नाकातून निसटते आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येतं. ‘दादा’ म्हटलं की ‘नाना’. त्या मुलाने काही चूक केलेली नसते. मुलं चिवट असतात. तोंडात दाब साठत नाही म्हणून ती हवा आणखी मागे, घशातच अडवून दाखवतात आणि प, त, क च्या जागी घशातला एक खटका वापरू लागतात. ही युक्ती बुद्धीची खूण आहे, पण तिची सवय जडते. म्हणूनच उत्तम शस्त्रक्रिया झाल्यावरही वाचाउपचार लागतात. टाळू आता काम करू शकते, पण मुलाला ते माहीत नसतं. हवा तोंडातून पुढे आणायला त्याला नव्याने शिकवावं लागतं, एकेक अक्षर, एकेक शब्द, महिनोन्‌महिने. या कामाचं मोल आपल्याकडे फार कमी ओळखलं जातं, याची मला खंत वाटते. ओठ शिवला, फोटोत हसू दिसलं, की गोष्ट संपली असं समजतात.

टाळूच्या शस्त्रक्रियेतही फट झाकण्यापेक्षा अवघड काम वेगळंच असतं. मऊ टाळू उचलणारा स्नायू दोन्हीकडून येऊन मध्यावर झोळीसारखा जुळायला हवा. दुभंगात तो तिथे असतोच, पण दिशा चुकून पुढे हाडाच्या काठाला चिकटलेला असतो. तो तिथून सोडवून, मागे वळवून, मध्यावर सांधायचा. ओठाचंही तसंच: बाहेरून काही आणून लावायचं नसतं, आहे ते फिरवून जागेवर न्यायचं असतं. अमेरिकी सर्जन राल्फ मिलार्ड यांना कोरियात मुलांवर उपचार करताना नेमकं हे दिसलं, की ओठाची वरची कमान हरवलेली नाही, वर ओढली गेली आहे. ती खाली फिरवून आणण्याची त्यांची रीत 1955 साली स्टॉकहोमच्या परिषदेत मांडली गेली, आणि जगभरचे सर्जन आजही तिच्यावरच आधारलेल्या पद्धती वापरतात.

चीनमध्ये दुभंगलेला ओठ शिवण्याची शस्त्रक्रिया चौथ्या शतकाच्या अखेरीस होत होती. वेई योंगझी नावाच्या गरीब तरुणाला वैद्याने अट घातली: शंभर दिवस पातळ पेज प्यायची, बोलायचं नाही, हसायचं नाही. त्याने सांगितलं की अर्धं आयुष्य गप्प राहावं लागलं तरी चालेल. पुढे तो एका प्रांताचा अधिपती झाला. आणि 1819 साली पॅरिसमध्ये फिलिबेर रू या सर्जनने जॉन स्टिव्हन्सन या कॅनडाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याची मऊ टाळू शिवली, भूल नावाची गोष्ट जगात येण्याच्या सत्तावीस वर्षं आधी. स्टिव्हन्सनने पूर्ण शुद्धीत, तोंड उघडं ठेवून ते सहन केलं, दुसऱ्याच वर्षी एडिनबरोत आपल्याच टाळूवर प्रबंध लिहिला, आणि परत जाऊन माँट्रियलमध्ये ज्या वैद्यकीय शाळेतून पुढे मॅकगिल विद्यापीठाची वैद्यकशाखा झाली, तिच्या संस्थापकांत तो होता.

भारतात या कामाला आयुष्य वाहिलेल्यांत डॉ. हिरजी सोराब अदनवाला यांचं नाव घ्यायलाच हवं. मुंबईचे पारशी, 1959 साली केरळातल्या थ्रिसूरच्या जुबिली मिशन हॉस्पिटलात गेले आणि 2020 साली निधन होईपर्यंत तिथलेच झाले. त्यांनी उभारलेल्या दुभंग-उपचार केंद्राला आपल्या गुरूचं, मुंबईच्या डॉ. चार्ल्स पिंटो यांचं, नाव दिलं.

टाळू कधी शिवायची, हा मात्र खरा पेच आहे. लवकर शिवली तर बोलणं सुधारतं, पण शस्त्रक्रियेचा वण वरच्या जबड्याची वाढ रोखू शकतो. हे कळलं ते श्रीलंकेतल्या अशा प्रौढांमुळे, ज्यांच्यावर लहानपणी उपचारच झाले नव्हते. मायकेल मार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची मोजमापं घेतली, तेव्हा त्यांचे वरचे जबडे जवळपास इतरांइतकेच वाढलेले निघाले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सहाव्या आणि बाराव्या महिन्यात टाळू शिवलेल्या बाळांची तुलना झाली. पाचव्या वर्षी नाकाकडची वाट नीट बंद न होण्याचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे 9 टक्के, दुसऱ्यात 15 टक्के होतं. पण सहाव्या महिन्यातल्या शस्त्रक्रियेसाठी बाळ सुदृढ हवं आणि भूल देणारी मंडळी अनुभवी हवीत. आपल्याकडे ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत करण्याची रीत आहे. पुढे आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान कमरेच्या हाडातला गाभा थोडा काढून हिरडीच्या फटीत भरतात, तोही सुळा उगवायच्या आधी. मग तो सुळा त्या परक्या हाडातून वाट काढत खाली येतो, आणि तो आला म्हणूनच ते हाड तिथे टिकून राहतं.

या सगळ्याला पैसे लागतात, पण ते नाहीत म्हणून कुणी थांबू नये. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दुभंगलेले ओठ आणि टाळू यांवर मोफत उपचार आहेत. अंगणवाडी आणि शाळांत येणाऱ्या तपासणी पथकाला किंवा आशाताईंना सांगितलं की पुढची वाट त्या दाखवतात. ओठ दिसतो, त्यामुळे तो कुणाच्या नजरेतून सुटत नाही. टाळू सुटते. सोनोग्राफीतही नुसती टाळू सहसा दिसत नाही, आणि जन्मानंतर बोट फिरवून पाहिलं तरी मागची फट हाताला लागेलच असं नाही. म्हणून प्रत्येक नवजात बाळाची जीभ चपट्या पट्टीने हलकेच दाबून, बॅटरीच्या उजेडात, पार पडजिभेपर्यंत टाळू डोळ्यांनी पाहायला हवी. पडजीभ दोन टोकांची दिसली तर तेही लिहून ठेवावं, कारण वरून अखंड दिसणाऱ्या त्वचेखाली स्नायू न जुळलेला असू शकतो. अशा मुलाच्या ॲडेनॉइडच्या गाठी पुढे काढायची वेळ आली, तर त्या सर्जनला हे आधी कळलेलं असायला हवं. त्या गाठीच नाकाकडची वाट बंद करायला हातभार लावत असतात, आणि त्या गेल्या की तोवर नीट बोलणाऱ्या मुलाचा ‘बाबा’ही ‘मामा’ होऊ शकतो.